पूतना आली तेव्हा यशोदा गप्प का राहिली?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय सहावा.

पूतनेची गोष्ट नव्याने सांगायची गरज नाही. मराठी घरात 'पूतनामावशीचं प्रेम' हा शब्दप्रयोग मूळ गोष्टीच्या आधीच कानावर पडतो. सुंदर रूप घेऊन आली, बाळाला विषारी दूध पाजायला घेतलं, कृष्णाने दुधाबरोबर तिचे प्राणही ओढून घेतले, आणि ती खऱ्या रूपात कोसळली. बहुतेक जण 'हे माहीत आहे' म्हणत हा अध्याय भराभर वाचतात. पण यातल्या नवव्या श्लोकापाशी थांबायला हवं.

पूतना बाळाला उचलून मांडीवर घेते तेव्हा घर रिकामं नव्हतं. यशोदा आणि रोहिणी, दोघी आया तिथेच होत्या. शुकाचार्य सांगतात की त्या बाईच्या तेजाने दोघी दिपून गेल्या आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. अडवलं नाही. 'कोण गं तू, कुठून आलीस?' एवढंही विचारलं नाही. बाकीच्या गोपींना तर वाटलं, हातात कमळ घेतलेली लक्ष्मीच आपल्या पतीला भेटायला आली आहे.

आता ही यशोदा कोण? पुढे दोनच अध्यायांनी ती कृष्णाला हाताला धरून 'माती खाल्लीस का?' म्हणून दरडावते. तो नाही म्हणतो तरी तोंड उघडायला लावून स्वतः आत बघते. त्याच्या पुढच्या अध्यायात दोरी घेऊन त्याला उखळाला बांधते. म्हणजे बाई खमकी आहे. शब्दावर विसंबत नाही, डोळ्यांनी खात्री करते. मग इथे काय झालं?

तिच्या मनात शंका आली होती असं भागवतात नाही, आणि ते मी पदरचं घालणार नाही. लिहिलंय ते एवढंच, की दिपून गेल्या. पण दिपणं म्हणजे तरी काय? डोळे उघडे असून दिसेनासं होणं. समोरचं माणूस इतकं थोर, इतकं झळाळणारं वाटतं की आपण आपल्याच घरात पाहुण्यासारखे उभे राहतो.

याच्या बरोबर उलटं चित्र आदल्या अध्यायाच्या शेवटी आहे. नंदबाबा कंसाचा वार्षिक कर भरायला मथुरेला गेले आहेत. वसुदेव त्यांना भेटतो, दोघांच्या सुखदुःखाच्या गोष्टी होतात, आणि शेवटी तो म्हणतो की कर भरून झाला, आपली भेट झाली, आता इथे जास्त दिवस राहू नका, गोकुळात उत्पात दिसतायत. वसुदेवाच्या हातात कसलाही पुरावा नाही. गोकुळातून निरोप आलेला नाही. पण नंदबाबा 'तुला कसं कळलं?' म्हणून वाद घालत नाहीत. बैलगाड्या जुंपतात आणि निघतात. सहावा अध्याय सुरूच होतो तो वाटेवरच्या या बापापासून. वसुदेवाचं बोलणं खोटं ठरायचं नाही हे त्याच्या मनात घोळतंय, भीती वाटतेय, आणि तो हरीला शरण जातोय. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? तो शरण जातो तेव्हा गाडी थांबवत नाही. गाडी चालूच आहे.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक प्रश्न समोर येतो. तो आपल्या वयाच्या, म्हणजे लहान मुलं असलेल्या भक्तमंडळींसाठी फार जवळचा आहे. मूल आजारी असताना आईबापांना आतून जे जाणवतं, त्याचं काय करायचं?

विषय ओढूनताणून आणलेला नाही हं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पीडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांत पूतना आहे, अंधपूतना आहे आणि शीतपूतनाही आहे. पूतना हे आपल्या परंपरेत राक्षसीचं नाव आहे, तसंच बाळाच्या दुखण्याचंही आहे.

हॉस्पिटललाही स्वतःचं एक तेज असतं. पांढरे कोट, मॉनिटरची पीप-पीप, इंग्रजीतला केसपेपर, 'सर राउंडला आले की विचारा'. ज्या बाईने त्या मुलाची प्रत्येक शिंक ऐकलेली असते, झोपेतल्या श्वासावरून ज्याला सर्दी होणार हे जिला आदल्या रात्री कळतं, ती त्या दारातून आत गेली की ओढणीच्या टोकाशी चाळा करत उभी राहते. 'आपल्याला काय कळतंय.' 'इतके शिकलेले लोक आहेत.' 'जास्त विचारलं तर चिडतील, मग नीट बघणार नाहीत.' बापाची इंजिनीअरिंगची पदवी तिथे काही कामाची नसते. तोही तसाच उभा असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर भलताच अर्थ निघेल. डॉक्टर म्हणजे पूतना असं मी म्हणत नाहीये. अजिबात नाही. आपली बहुतेक मुलं आज जिवंत आणि धडधाकट आहेत ती लसींमुळे, अँटिबायोटिक्समुळे आणि रात्री दोनला उठून आलेल्या बालरोगतज्ज्ञांमुळे. सत्संगाच्या ग्रुपवर कोणी 'आईच्या अंतर्मनाला वाटलं म्हणून आम्ही लस दिली नाही' असं लिहिलं, तर ते अंतर्मन नव्हे, कोणाचा तरी फॉरवर्ड आहे. नवव्या श्लोकात धोका फक्त बाहेरून आलेल्या बाईत नाही. आईच्या गप्प उभं राहण्यातही आहे, आणि मी त्या गप्प राहण्याबद्दल बोलतोय.

आमच्या घरातलं सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, पुणे. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. डेंग्यू. चार दिवस तापाने फणफणला होता. रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, पण खातपीत होता, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरीच पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी-सरबत चालू होतं. मी कामासाठी बंगळुरूला होतो, मथुरेतच म्हणा. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला, 'ताप नाहीये. पण हा असा नसतो रे.'

हा असा नसतो. एवढंच. एरवी ताप उतरला की पहिली मागणी टीव्हीची, दुसरी मॅगीची. त्या दिवशी गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर पडून होता. दोनदा उलटी झाली होती. हाताचे तळवे गार. रात्री दहानंतर शू केलेली नव्हती. आई म्हणाली, थकलाय, झोपू दे. तिचं म्हणणंही चूक नव्हतं, ताप उतरला की मूल झोपतंच. बायकोने रिक्षा बोलावली आणि मला म्हणाली, 'तू निघ.' मी विमानाचं तिकीट काढलं.

कॅज्युअल्टीत रात्रपाळी संपत आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्याने ताप बघितला, नॉर्मल. आदल्या दिवशीच्या रक्तात प्लेटलेट एक लाखाच्या वर. म्हणाला, 'ताप गेलाय, काऊंट बरा आहे, उद्या परत तपासू, घरी न्या.' बाहेर रांग होती. बायको उठली नाही. भांडलीही नाही. ती काय बोलली ते मी नंतर तिच्याकडून शब्दशः लिहून घेतलं, कारण मला ते कुठल्याही प्रवचनापेक्षा मोलाचं वाटतं. 'डॉक्टर, आजार मला कळत नाही, तो तुम्हाला कळतो. पण हा मुलगा मला कळतो. रात्री दहापासून शू नाही, हात गार आहेत, पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्यात, आणि हाक मारली तर 'हं'सुद्धा म्हणत नाही. मोठ्या डॉक्टरांनी एकदा बघितल्याशिवाय मी जाणार नाही.'

हे ऐकून शेजारच्या एका वयस्क सिस्टरनी मुलाचं बोट हातात घेतलं, नख दाबून सोडलं. दोन सेकंदांत परत यायचा गुलाबी रंग यायला वेळ लागला. ब्लडप्रेशर घेतलं, तर वरचा आणि खालचा आकडा एकमेकांच्या जवळ आलेले. सिस्टरनीच वर फोन लावला. बालरोगतज्ज्ञ आल्या आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, 'हा एरवी कसा असतो?' मग रक्त तपासलं, हिमॅटोक्रिट वाढलेलं. मुलांच्या आयसीयूत दोन दिवस, तासातासाला मोजून सलाइन. तिसऱ्या दिवशी त्याने मॅगी मागितली.

डेंग्यूची ही बाजू पावसाळ्यात प्रत्येक आईबापाला माहीत असावी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे ताप उतरला म्हणजे मूल बरं झालं असं धरतात. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि काही मुलांसाठी धोक्याचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो. केशवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो. रक्त घट्ट होतं (म्हणून हिमॅटोक्रिट वाढतं) आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर मूल शॉकमध्ये जातं. हे झिरपणं दिवस-दोन दिवस चालतं. त्या काळात सलाइन कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही चालत नाही, म्हणून ते घरी किंवा कुठेही 'एक बाटली लावून घेऊ' म्हणून करायचं काम नाही. धोक्याच्या खुणा म्हणजे पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, फार सुस्ती किंवा उलट फार तळमळ. हातपाय गार पडले, लघवी कमी झाली तरी थांबायचं नाही. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं आणि या खुणा बघायच्या राहून जातात. आणि हो, डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही.

ताप उतरलेलं अंग म्हणजेही एक सुंदर रूपच की. सगळ्यांना हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यात कोणी नीट बघत नाही.

आता तात्त्विक बाजू. पतंजलींनी योगसूत्रांत तीन प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम. म्हणजे स्वतः पाहिलेलं, तर्काने काढलेलं, आणि जाणत्याच्या वचनातून मिळालेलं. डॉक्टरांकडे आगम आहे, म्हणजे वैद्यकाचं शास्त्र. हजारो मुलं तपासून आलेलं अनुमान आहे. पण या एका मुलाचं प्रत्यक्ष त्यांच्याकडे किती? सात-आठ मिनिटांचं. आईकडे पाच वर्षांचं. 'आईचं मन' म्हणून आपण ज्याला हळवेपणाच्या खात्यात टाकतो, ते खरं म्हणजे साठवलेलं प्रत्यक्ष आहे. शब्दांत मांडता येत नाही एवढंच.

आमच्या कामात याला बेसलाइन म्हणतात. सर्व्हरचा सीपीयू सत्तर टक्क्यांवर आहे, तर हे चांगलं की वाईट? नुसत्या आकड्यावरून नाही सांगता येत. रोज साठ असणाऱ्याला सत्तर काहीच नाही, रोज दहा असणाऱ्यासाठी मध्यरात्री उठावं लागतं. आईच्या डोक्यात त्या मुलाची बेसलाइन असते, आणि ती कुठल्याही केसपेपरवर लिहिलेली नसते. म्हणून त्या बालरोगतज्ज्ञांचा 'एरवी कसा असतो?' हा प्रश्न मला इतका थोर वाटला. त्यांनी आईचं प्रत्यक्ष आपल्या शास्त्राला जोडून घेतलं.

हे फक्त श्रद्धेचं बोलणं नाही. २०१० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा आला होता. मुलांमधला गंभीर संसर्ग कोणत्या खुणांवरून ओळखावा, यावरचे अनेक अभ्यास त्यात एकत्र तपासले होते. जलद श्वास, निळसर पडणं, हातापायांकडचा रक्तप्रवाह मंदावणं अशा खुणांच्या जोडीला पालकांना वाटणारी काळजी हीसुद्धा धोक्याची खूण म्हणून त्यात आली आहे. डॉक्टरच्या स्वतःच्या 'काहीतरी बरोबर नाही' या जाणिवेलाही तिथे स्थान आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना अंतर्मन असतं. प्रश्न ते दोघं एकमेकांशी बोलतात का, हा आहे.

न बोलल्याने काय होतं याची इंग्लंडमधली एक गोष्ट आहे. मार्था मिल्स, वय १३. वेल्समध्ये सुट्टीवर असताना सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला इजा झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये असताना तिला सेप्सिस झाला आणि २०२१ साली ती गेली. तिची आई, पत्रकार मेरोपी मिल्स, आपली भीती वारंवार बोलून दाखवत होती. पुढच्या वर्षी तिथल्या कॉरोनरने नोंदवलं की तिला वेळीच अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर बहुधा ती वाचली असती. त्या आईबापांनी नंतर जो लढा दिला त्यातून 'मार्थाज रूल' आला. २०२४ पासून इंग्लंडमधल्या १४३ रुग्णालयांत त्याची सुरुवात झाली. आपलं माणूस खालावतंय आणि कोणी ऐकत नाही असं वाटलं, तर घरचे लोक थेट वेगळ्या तज्ज्ञ टीमला बोलावू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये त्याआधीपासून 'रायन्स रूल' आहे. २००७ साली गेलेल्या, तीन वर्षंही पूर्ण न झालेल्या रायन साँडर्सच्या नावाने. नियमांना लेकरांची नावं आहेत. ती वाचताना घशात काहीतरी अडकतं.

आपल्याकडे असा थेट नंबर नाही. पण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा आणि आपले कागद, रिपोर्ट मिळण्याचा हक्क आहे. सेकंड ओपिनियन मागणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान, ही आपली समजूत. चांगले डॉक्टर स्वतःच 'एकदा अमक्यांना दाखवून घ्या' म्हणतात.

मागायचं कसं, हे गीतेच्या चौथ्या अध्यायात आहे. ज्ञानी माणसाकडून ज्ञान घ्यायचं तर भगवंत प्रणिपात सांगतात, आणि लगेच त्याच्या शेजारी परिप्रश्न सांगतात. आपण प्रणिपात शिकलो, परिप्रश्न विसरलो. परिप्रश्न म्हणजे उलटतपासणी नव्हे, गुगल केलेलं डॉक्टरांच्या तोंडावर फेकणंही नव्हे. 'हे याशिवाय दुसरं काही असू शकतं का?' 'घरी नेलं तर नेमकं काय दिसल्यावर परत यायचं?' 'मला अजून काळजी वाटतेय, आणि त्याचं कारण हे हे हे.' पुढे दिसलेलं सांगायचं. किती वाजता शू झाली, किती वेळा प्यायला, कशाला प्रतिसाद देत नाही. निदान त्यांच्यावर सोडायचं.

आईबापांचं अंतर्मन 'काहीतरी बिनसलंय' हे फार अचूक सांगतं. 'कशाने बिनसलंय' आणि 'काय द्यायचं' हे ते सांगू शकत नाही, ते त्याचं कामच नाही. 'माझं मन सांगतंय, याला अँटिबायोटिक द्या' ही अंतःप्रेरणा नव्हे. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, मग मन काहीही सांगो. 'पपईच्या पानांचा रस देऊन बघू, मग जाऊ हॉस्पिटलला' हीसुद्धा नव्हे. त्यात वेळ जातो. अंतःप्रेरणा मुलाकडे बघून येते. फोनकडे बघून येते ती भीती. मला सापडलेला फरक एवढाच, आणि तो रात्री अडीच वाजता दर वेळी स्पष्ट दिसेल याची खात्री मी देत नाही. शंका असेल तेव्हा दाखवून यायचं. काही नाही निघालं, तर पेढे वाटायचे. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ताप शंभर पॉइंट चारपर्यंत पोचला, तर तिथे अंतर्मनाची वाटही बघायची नाही, लगेच न्यायचं.

सत्संगात मला एक वाक्य वारंवार ऐकू येतं. 'काळजी कशाला करतोस, श्रद्धा ठेव.' जणू काळजी आणि श्रद्धा एका म्यानात राहत नाहीत. मग सहाव्या अध्यायाचा उत्तरार्ध वाचा. पूतना कोसळते. तिच्या छातीवर बाळ निर्भय खेळतंय. गोपी धावतात, उचलून घेतात. आणि मग काय करतात? यशोदा-रोहिणीसह त्या गाईच्या शेपटीने बाळावरून उतरवतात, गोमूत्राने न्हाऊ घालतात, गोधूळ लावतात, आणि देवाची एकेक नावं घेत बाळाच्या एकेका अंगाला रक्षा बांधतात. कोणाला? ज्याची ती नावं आहेत त्यालाच. जगाचा पालनकर्ता मांडीवर आहे आणि आई त्याच्या सुरक्षिततेसाठी त्यालाच साकडं घालतेय. शुकाचार्य याला अडाणीपणा म्हणत नाहीत. नारदभक्तिसूत्रांत भक्तीचे जे अकरा प्रकार आले आहेत, त्यांत वात्सल्यासक्ती आहे. आईची काळजी हाच तिथे भक्तीचा प्रकार आहे. यशोदेने काळजी सोडली असती तर ती वेदान्ती झाली असती कदाचित, यशोदा राहिली नसती.

तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून जप चालू असतानाच उठून सिस्टरना चौथ्यांदा 'जरा बघता का?' म्हणणं, यात विसंगती काही नाही. नंदबाबांची गाडी आठवा.

आणखी एक, आणि हे मी काही ठरावीक लोकांसाठी लिहितोय. तुमच्यात असे आईबाप असतील ज्यांना तेव्हा काही जाणवलंच नाही. किंवा जाणवलं, बोलले, आणि तरीही हातातून निसटलं. नवव्या श्लोकाकडे परत जा. यशोदा गप्प उभी राहिली. पण अख्ख्या भागवतात कुठेही तिला बोल लावलेला नाही. नंदबाबा परत येऊन 'तू कुठे होतीस?' विचारत नाहीत. गोपी टोमणे मारत नाहीत. बाळ तिच्या कुशीत देतात, ती त्याला दूध पाजते आणि झोपवते. ती आधीही आई होती आणि नंतरही. आपले नातेवाईक भागवताइतके सुसंस्कृत नसतात, ते विचारतात, 'तुम्हाला आधी कळलं नाही का?' त्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

अध्यायाच्या शेवटी नंदबाबा गोकुळात पोचतात. वाटेत तो अजस्र देह बघून थक्क होतात, वसुदेवाने सांगितलं ते खरं ठरलं म्हणतात. मग घडलेलं सगळं ऐकून बाळाला उचलून घेतात आणि त्याचं डोकं हुंगतात. हे बारीक तपशील लिहिणाऱ्याला बाप माहीत होता. संध्याकाळी मी आयसीयूत पोचलो तेव्हा नळ्या सांभाळत वाकून मीही तेच केलं होतं. घाम, स्पिरिट आणि घरच्या खोबरेल तेलाचा वास होता.

उद्या सातवा अध्याय, शकटभंजन आणि तृणावर्त. वाचताना एका जागेकडे लक्ष ठेवा. गाडा उलटतो, मोठी माणसं कारण शोधत बसतात, आणि तिथेच खेळणारी पोरं सांगत असतात की आम्ही पाहिलं, याने पाय मारला. पोरांचं कोणी ऐकत नाही.

राम कृष्ण हरी.